गोकर्णाबाईंचा बाक

माझ्या शिलाईच्या दुकानापुढे एक लोखंडी बाक आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी त्या बाकावर टेकायला जातं, पाठीवरची पाटी वाचतं आणि उभंच राहतं. पाटीवर लिहिलंय, 'कै. सौ. गोकर्णाबाई यांच्या स्मरणार्थ'. मग मी मशीनवरूनच ओरडते, "बसा वो ताई, तो काही करत नाई तुमाले." निम्म्या बसतात. निम्म्या म्हणतात, राहू द्या, उभीच बरी. आता मला सवय झाली. पण पूर्वी कोणी पाटी वाचून असं उभं राहिलं की माझं डोकंच फिरायचं. या बाकापायी सुखदेवकाकांच्या हॉटेलात माणूस टिकला नाही, आणि काकांनी बाक सोडला नाही.

सुखदेवकाका नात्याने माझे कोणी लागत नाहीत. वऱ्हाडातल्या मालेगावात वाशीम रोडला आमची गाळ्यांची एक लाइन आहे. त्यात माझं 'लेडीज टेलर', आणि शेजारच्या गाळ्यात काकांनी म्हातारपणी हॉटेल काढलं. हॉटेल हा आपला बोलायचा शब्द. एक खोली, मागे गॅसची शेगडी, पुढे पत्र्याची पडवी. त्याआधी सारी उमर त्यांचं बिछायत केंद्र होतं. मंडप, सतरंज्या, पातेली, पराती भाड्याने द्यायचे. लग्न असो, तेरवी असो, भंडारा असो, भांडी काकांचीच. पण नुसती भांडी पाठवून हा माणूस घरी बसायचा नाही. यजमानाने बोलावलं नसलं तरी दुपट्टा कमरेला बांधून पंगतीत उतरायचा.

उंच, सडपातळ, आणि पाठीत थोडा वाकलेला. "पंगत वाढता वाढता पाठ वाकली, सरळ करायले कोनी टाइमच देल्ला नाई," असं म्हणायचे. आवाज असा की मंडपाच्या त्या टोकाला भात निघाला की या टोकाच्या माणसाने आळं करून ठेवावं. चालणंही वाढप्याचंच. रस्त्याने जातानासुद्धा दोन्ही बाजूंना बघत, कोणाच्या पानात काय कमी आहे ते शोधत असल्यासारखे जायचे. मला भेटले की पहिला प्रश्न, "जेवली का?" आणि दुसरा, "कोनासंगं?"

या दुसऱ्या प्रश्नाचा मला फार राग यायचा. नवऱ्याशी माझं जमलं नाही, मी माहेरी परत आले, घरात मी आणि माय दोघीच. कोणासोबत जेवणार? "मायसंगं," मी तोडून टाकायची. "मंग बरं हाये," असं म्हणून ते पुढे जायचे.

मग लग्नं लॉनवर जायला लागली आणि तिथे बुफे आला. काकांना बुफेचा जितका संताप तितका मी कोणाला कशाचा पाहिला नाही. "अवं, उभ्यानं बैल खाते. मानसानं बसावं. मांडीले मांडी लागली पाह्यजे, तवा घास उतरते." त्यांनी हे प्रत्येक लग्नघरी जाऊन सांगितलं. लोक हसले आणि प्लेटा उचलून रांगेत उभे राहिले. हळूहळू बिछायत बंद पडली, सतरंज्यांना उंदीर लागले.

काकांच्या घरच्या, गोकर्णाबाई, होत्या तोवर काकांना धंदा बसल्याचं काही वाटलं नाही. त्या काकांच्या निम्म्या उंचीच्या, आणि आवाज तर अजिबातच नाही. पण प्रत्येक लग्नात भांडी मोजून घ्यायला त्याच यायच्या. सगळा मांडव जेवून उठला, आचारीही गेले, की मग ही दोघं रिकाम्या पातेल्यांच्या मधे बसायची आणि एकाच परातीत जेवायची. परातीची एक बाजू काकांची, एक बाईंची. मी लहानपणी कितीतरी लग्नांत हे पाहिलंय. मायला विचारलं होतं, यांना वेगळी ताटं नाहीत का? माय म्हणाली, "बिछायतवाल्याले ताटं नाई असं होईन का? येडी कुठची."

बाई गेल्या तेव्हा घर माणसांनी भरलं. मुलगा अविनाश पुण्याहून आला, सून आली, सगेसोयरे आले. आमच्याकडे ज्या घरी मरण होतं तिथे चूल पेटत नाही, नातलग डबे आणतात, कडू घास म्हणतात त्याला. काकांच्या घरी इतके डबे आले की शेवटी आमच्या घरी पाठवायला लागले. तेरवी झाली आणि जो तो आपापल्या गाडीला लागला.

पुढचं काकांनी मला एकदाच सांगितलं, तेही पाठमोरे बसून, बट्टीचं पीठ मळताना. "चौदाव्या दिवशी वरन-भात लावला. सवयीनं परातीत वाढला. खाल्ला. खाऊन झाल्यावर पाह्यलं तं माह्या बाजूचा सपलेला अन् तिची बाजू तशीच. मी तिकडे हातच लावला नाई वं सुनंदा. मले समजलंच नाई." एवढं बोलून त्यांनी पीठ इतकं आपटलं की त्यांच्या चष्म्यावर उडालं. मला वाटलं आता रडतील, पण त्यांनी चष्मा पुसायला माझ्याकडे चिंधी मागितली.

तर त्या चौदाव्या दिवसातून, दोन-तीन वर्षांनी का होईना, हे हॉटेल निघालं. पैसा कमवायचा नव्हता. अविनाश पाठवायचा, आणि काकांचा खर्च तो काय. काकांना जेवायला संगत पाहिजे होती. आपल्या घरी रोज रोज कोण येणार? पण हॉटेलात तर लोक येतात ना, असा त्यांचा साधा हिशेब.

नवीन फर्निचर घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. प्लास्टिकच्या खुर्च्यांना ते 'उठवनाऱ्या खुर्च्या' म्हणायचे. बसलं की ढुंगणाला चटका बसतो आणि माणूस लवकर उठतो. त्याऐवजी ते रहीमभाईच्या भंगारात आणि पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांत हिंडायला लागले. त्या दिवसांत जो तो स्लॅबचं घर बांधत होता. जुनं घर पडलं की काका तिथे हजर, हातात टेप. गाळा सजवायच्या आधी त्यांनी मंडप घालायच्या आधी आखतात तशी फरशीवर चुन्याने रेघ ओढली, तिच्या दोन्ही बाजूंना आम्हाला बसवलं, मला, मायला, रहीमभाईला, आणि आमचे गुडघे पाहिले. समोरच्याचा गुडघा लागू नये, पण त्याचा पाण्याचा गिलास आपल्या हाताला यावा, एवढंच अंतर पाहिजे म्हणाले. सुताराने चार टेबलं सुचवली. काका म्हणाले, "चार टेबलं म्हंजे चार घरं. लांबच लांब एकच कर."

ते टेबल म्हणजे शिरपूरच्या एका पडक्या घराचं सागवानी दार. दोन फळ्या टोकाला टोक लावून जोडल्या, खाली पाय. दाराची कडी काढा म्हणून सुतार किती वेळा बोलला. नाही. कडी टेबलाच्या ऐन मध्यात तशीच राहिली. लोकांची ताटं तिला अडायची, वरणाची वाटी कलंडायची. मी म्हटलं, "काका, टेबलाले कडी कोन ठेवते?" तर म्हणाले, "दाराले कडी नसली तं लोक वाजवतीन काय?"

एकदा त्या घराचाच माणूस आला. शिरपूरचा, पासष्टीचा, तहसीलच्या कामाला आला होता. निम्मी बट्टी खाऊन झाल्यावर त्याचा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. "हे माह्यं दार हाये," तो म्हणाला. काका घाबरले, त्यांना वाटलं हा आता परत मागतो. पण त्या माणसाने डाव्या हाताने कडी वाजवली, दोनदा, आणि हसला. म्हणाला, बाप रात्री उशिरा यायचा तेव्हा अशीच वाजवायचा. मग त्याने ताट संपवलं, हात धुतला आणि जाता जाता पुन्हा एकदा वाजवली. काका त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नुसते आत-बाहेर करत होते. "आला का नाई? वाजवली का नाई?" मला दहादा ऐकवलं.

भिंतीला शाळेतला टाकून दिलेला फळा. त्यावर पट, हजर, गैरहजर हे शब्द ऑइल पेंटने लिहिलेले, ते काही जात नव्हते. खाली काका खडूने लिहायचे, 'वरण-बट्टी, वांग्याची भाजी, ठेचा', आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरात, 'पार्सल भेटत नाही'. दुपारी कोणीच आलं नाही की गैरहजरच्या पुढे लिहून ठेवायचे, 'समदे'. मी ते पाहून हसायची. नंतर नंतर हसू येईना, तेव्हा मीच पुसून टाकायला लागले.

हात धुवायला त्यांना स्टँड पाहिजे होता. माझ्या मायच्या जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा माझ्याकडे पडून होता. मी म्हटलं देत नाही. त्याच मशीनवर मायने मला वाढवलं, ते काय हात धुवायला? मायनेच परस्पर देऊन टाकला. वर म्हणाली, "गंजून जाऊन राह्यला तुह्यापाशी. तिथं चार लोकाईच्या पायात तरी येईन." सांगाड्यावर पत्र्याचं घमेलं बसवलं, खाली पायडल तसंच. हात धुताना प्रत्येक माणसाचा पाय आपोआप पायडलवर जायचा.

आणि मग तो बाक.

उद्घाटनाला काकांनी सगळी लाइन बोलावली. मेडिकलवाला, कृषी केंद्रवाला, कापडवाले शेठ, सगळे आले. नारळ फुटला. टेबलाच्या एका बाजूला रहीमभाईकडच्या जुन्या शाळेच्या बाकड्या, दुसऱ्या बाजूला हा लोखंडी बाक, नवा हिरवा रंग मारलेला. पाटी मात्र रंग न लावता घासूनपुसून चमकवलेली. कापडवाले शेठ बसता बसता थांबले. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "सुखदेवभाऊ, हा तं मोक्षधामातला बाक."

खरंच होता. बाई गेल्यावर काकांनीच तो मोक्षधामात दिला होता, म्हाताऱ्या माणसांना सरण पेटेपर्यंत टेकायला. दोन-तीन वर्षांत तिथे नवे बाक आले, जुने उचलून भंगारात गेले. गावातला प्रत्येक पुरुष कधी ना कधी त्यावर बसलेला होता, आणि कोणत्या वेळी बसला होता हे प्रत्येकाला आठवत होतं. शेठ उठले. त्यांच्यामागे मेडिकलवाला उठला. कोणी वाईट बोललं नाही. ताटं तर हातात आली होती, अन्नाला नाही म्हणता येत नाही. सगळ्यांनी ताट हातात धरून उभ्याने खाल्लं. काकांच्या हॉटेलच्या पहिल्या दिवशी, काकांच्या देखत, बुफे झाला.

काका वरणाची बादली घेऊन त्या उभ्या माणसांमधून फिरत होते. "वरन, वरन... घ्या जी, सावकाश होऊ द्या." मला ते पाहवलं नाही. मी माझ्या दुकानात येऊन मशीन चालवत बसले, खाली कापड नव्हतं तरी.

संध्याकाळी गेले भांडायला. "काका, मसनातला बाक हाटेलात कोनी आनते का? अक्कल गहान ठेवली का तुमी?"

"मसनातला नाई. घरचा हाये."

"लोकाईले काय सांगसान?"

काका बाकाच्या एका टोकाला बसले होते. त्यांची बसायची सवयच तशी, कुठेही बसले तरी कडेला, शेजारी एक जागा सोडून. म्हणाले, "मी रहीमभाईकडे दाराचे बिजागर पाहाले गेलतो. ही ढिगावर उलटी पडेल होती. पाय वरते. रहीमभाई म्हने, तराजूत टाकून राह्यलो. मी काय करू मंग? टाकू देऊ?" बाकाला ते 'ही' म्हणत होते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"बरं, आनला तं आनला. पाटीवर रंग मारा. कोनाले समजनार नाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जीभ चावावीशी वाटली. "एकदा जाळून आलो तिले," ते म्हणाले, "आता पुसू बी?"

गावाने हॉटेलाला 'मसनातलं हाटेल' नाव ठेवलं. बाक हलवला असता तर लोक आले असते. काकांच्या हाताला चव होती, वांग्याच्या भाजीचा वास माझ्या दुकानातल्या कापडांना लागायचा. काकांना माणसं पाहिजे होती, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. आणि गोकर्णाबाईही पाहिजे होत्या. दोन्ही एका खोलीत मावत नव्हतं.

पार्सलचं दिलं असतं तरी भागलं असतं. एकदा एक पोरगा मोटरसायकल चालूच ठेवून ओरडला, "काका, दोन प्लेट पार्सल!"

"पार्सल भेटत नाई. गाडी बंद कर, ये, बस."

"घाई हाये जी."

"घाई हाये तं भूक नाई तुले. जाय."

तो गेला समोरच्या कचोरीच्या गाडीवर. मी म्हटलं, "काका, तुमी धंदा करता का सत्यनारायण?" ते म्हणाले, "पन्नीत बांधून देल्लं तं तो कुठं खाईन, कोनासंगं खाईन, मले काय मालूम?" म्हणजे काळजी त्या पोराची. आणि इकडे स्वतःचं टेबल रिकामं. त्या टेबलाशी कधी एखादाच परगावचा माणूस बसलेला असायचा, पाटी न वाचलेला, मोबाइलमध्ये डोकं घातलेला. काका त्या एकट्यासाठीही पूर्ण पंगत फिरायचे. टेबलाच्या त्या टोकापासून, "भाजी, भाजी, भाजी..." करत यायचे, रिकाम्या जागांपुढे क्षणभर थांबत. तो माणूस दचकून इकडेतिकडे बघायचा, अजून कोण बसलंय म्हणून.

गावातल्यांपैकी बाकावर पहिल्यांदा बसली ती माझी माय. तिला गुडघ्यांचा त्रास, शाळेच्या बाकड्या खुज्या पडायच्या. एके दिवशी दुपारी सरळ जाऊन बसली. मी दारातून ओरडले, "माय, तिथं नको!" तिने मला झापलं. "चूप बस. गोकर्णानं जितेपणी मले कधी ऊठ म्हटलं नाई, आता म्हनन का?" आणि काकांना म्हणाली, "वाढा जी."

काकांनी तिला इतकं वाढलं की तिला दोन दिवस पुरलं असतं. मग समोरच्या बाकडीवर बसले, स्वतःचं ताट घेऊन. हॉटेल उघडल्यापासून ते गिऱ्हाइकासोबत जेवायला बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. तोवर वाढण्यातच त्यांचं सगळं व्हायचं.

त्यानंतर मायचा नेम झाला. दुपारी ती तिकडे जायची. तिच्या वयाच्या एकदोन म्हाताऱ्या यायला लागल्या, ज्यांना मरणाची भीती उरली नव्हती आणि घरी ज्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. एक रिटायर मास्तर यायचे. गर्दी कधी झाली नाही. पण फळ्यावर हजरच्या पुढे काहीतरी असायचं. जेवून झालं की माय हात धुवायला जायची आणि पाणी संपलं तरी पायडल मारत उभी राहायची. काका म्हणायचे, "काय शिवून राह्यल्या बाई?" माय म्हणायची, "तुमचं तोंड."

माय थंडीत गेली. झोपेतच. माझे दोघं भाऊ आले, एक सुरतेहून, एक नागपूरहून. डबे आले, माणसं आली, रडणं झालं, मायच्या दोन पातळांवरून वहिन्यांचं थोडं वाजलंही. काका रोज येऊन ओसरीच्या कडेला बसून जायचे. तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही भाऊ गेले. मोठा म्हणाला, "काही लागलं तं फोन कर." मी म्हटलं, करीन.

दुपार झाली. मी दुकान उघडलं नव्हतं. भूक होती, पण एकटीसाठी गॅस पेटवायचा तर काय पेटवायचा, म्हणून मायच्या पलंगावर नुसती बसले होते. कडी वाजली. दार उघडलं तर काका. डोक्याला दुपट्टा, हातात चार पुडांचा डबा.

मी डब्याकडे पाहतच राहिले. "काका, तुमी? पार्सल?"

"हे पार्सल नोय," ते चप्पल काढत म्हणाले. "पार्सल म्हंजे जेवन जाते, मानूस जात नाई. मी आलो ना संगं." आणि आत येऊन मागे न बघता म्हणाले, "तेरवीपर्यंत समदेच येतात, बाई. आज चौदावा हाये."

त्यांनी दोन ताटं मांडली. मला बसवलं. मग डब्यातलं वरणाचं पूड हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापासून निघाले. "वरन, वरन, वरन..." चार पावलांचं ते घर. माझ्यापर्यंत आले, वाकले, वाढलं, पुन्हा मागे गेले आणि भाजी घेऊन निघाले. मला आधी हसू फुटलं. मग असं रडू आलं की तेरा दिवसांत आलं नव्हतं. काका थांबले नाहीत. "सावकाश होऊ द्या," एवढंच म्हणाले आणि माझ्यासमोर बसून जेवले, माझं होईपर्यंत घास लांबवत.

त्या दिवसापासून मी दुपारी त्यांच्याकडे जेवायला लागले. मायच्या जागेवर, त्याच बाकावर. काका समोर. कोणी हसलं तर मी कात्री दाखवायची.

हे असंच चाललं असतं. पण काका एका पडक्या घरून खिडकीची चौकट खांद्यावर घेऊन येताना पडले. गुडघ्याचं हाड गेलं. अविनाश आला. पोरगा वाईट नाही, बापाला त्याने फुलासारखं उचललं. पण म्हणाला, आता इथे एकटं ठेवणार नाही. काकांनी विचारलं, "तिकडे दिवसा घरी कोन राह्यते?" अविनाश म्हणाला, "आम्ही दोघंही कामावर असतो बाबा, पण जेवण डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं असेल. तुम्ही फक्त गरम करायचं."

गाळा रिकामा झाला. दाराच्या फळ्या त्यांनी शिरपूरच्या माणसाला निरोप देऊन परत दिल्या. तो टेम्पो घेऊन आला. फळा अंगणवाडीत गेला. मशीनचा सांगाडा माझा मला मिळाला. बाकापाशी काका बराच वेळ काठी टेकून उभे राहिले. "लिफ्टात मावत नाई म्हनते अविनाश," ते म्हणाले. "तुह्यापाशी राहू दे. तिच्यावर कोनी बसलं पाह्यजे, बस एवढं पाह्य." मी म्हटलं, बसवीन, बळजबरीनं बसवीन. आणि बसवते आहे.

निघायच्या दिवशी मी पहाटेपासून वरण-बट्टी केली. त्यांच्यासारखी जमली नव्हती, बट्टी जरा कडकच झाली. त्यांचाच तो चार पुडांचा डबा माझ्याकडे राहिला होता, त्यात भरून गाडीपाशी गेले. अविनाशने त्यांना मागच्या सीटवर बसवलं होतं, पाय लांब करता यावा म्हणून. मी खिडकीतून डबा आत दिला. "रस्त्यात खा काका. गरम हाये."

त्यांनी डबा मांडीवर घेतला, वरचं झाकण उघडून वास घेतला. मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"सुनंदा," ते म्हणाले, "हे तं पार्सल झालं वं."

मी आता संगं येते म्हणू? अविनाशने गाडी सुरू केली, म्हणाला, "ताई, हात बाजूला घ्या, काच वर करतो." मी हात काढला. गाडी मेहकरच्या रस्त्याला लागली तेव्हा मागच्या काचेतून ते दिसत होते. डबा दोन्ही हातांनी धरलेला, आणि एका कडेला सरकून बसलेले, शेजारची जागा मोकळी सोडून.